हिब्रूकडे इंग्रजीतून जाऊ नका: नवख्यांनी या चुका टाळा

इस्राएलमधल्या लोद शहरात मी नव्याने आलेल्या मराठी माणसांना हिब्रू शिकवते. काही जण बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातले, ठाण्या-अलिबागहून कायमचे इकडे आलेले. काही बायका वृद्धांची देखभाल करायला आलेल्या, काही मुलगे बांधकामावर. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच राहतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: घरची मराठी बाजूला ठेवून सगळे हिब्रूकडे इंग्रजीतून जातात. मराठी हाताशी असताना हा वळसा कशासाठी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रोमन अक्षरांची वही

ही चूक सगळ्यात महागात पडते. मोबाइलवरून किंवा मित्राच्या वहीतून शंभर वाक्यं इंग्रजी अक्षरांत उतरवायची, पाठ करायची आणि विमानात बसायचं. हिब्रूतल्या 'खेत' या अक्षराचा उच्चार घशातून, जवळजवळ 'ख़बर'मधल्या ख़सारखा होतो. रोमन लिपीत तो कोणी 'सीएच' लिहितो, कोणी 'केएच', कोणी नुसता 'एच'. आपला माणूस 'सीएच' दिसलं की बेधडक 'च' म्हणतो. मग 'खावेर' (मित्र) होतो 'चावेर', आणि 'बोकेर' (सकाळ) नीट म्हणणारा माणूस 'लेखायीम'चं (पेला उंचावताना म्हणायचा शब्द) 'लचैम' करतो.

बांधकामावर आलेला एक मुलगा तेल अवीवहून रामल्याला निघाला होता. त्याला तिथल्या हर्झल रस्त्यावर जायचं होतं. वहीत 'रस्ता' या शब्दापुढे रोमन अक्षरं होती. तो ज्याला त्याला 'रेचोव हर्झल' विचारत राहिला आणि कोणालाच काही कळेना. तेवढ्यात एका शेरूतचा, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणाऱ्या मोठ्या टॅक्सीचा ड्रायव्हर 'रेखोवोत, रेखोवोत' असं ओरडताना ऐकू आला. याला वाटलं, आपला शब्द हाच असणार. 'हर्झल?' असं विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, 'केन, केन (हो, हो), हर्झल.' ड्रायव्हर खरंच बोलत होता. रेखोवोत हे वेगळं शहर आहे आणि तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव हर्झलच आहे. इथे बहुतेक गावांत एक हर्झल रस्ता असतो. रात्री उशिरा त्याचा फोन आला, तेव्हा तो त्या रस्त्याची टोकं फिरून, घराचा नंबर शोधून थकला होता. पत्ता मोबाइलमध्ये हिब्रू अक्षरांत होता. कोणालाही नुसता दाखवला असता तरी भागलं असतं, पण वाचता येत नसल्यामुळे तो पत्ता आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी रोमन वही बंद होते. अक्षरं बावीस, शिवाय पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपं. रोज चार-पाच गिरवली तर आठवड्याभरात ओळख होते. उच्चार लिहायचेच असतील तर देवनागरीत लिहा. 'त्सादी' हे अक्षर इंग्रजीवाल्यांना अवघड जातं, आपल्याला नाही: 'चाक', 'चोर'मधला च म्हणा, झालं. मात्र देवनागरीही महिनाभरच. नंतर तिचीही कुबडी होते.

छापील अक्षरांवर थांबणं

हाताने लिहायची अक्षरं छापील अक्षरांपेक्षा वेगळी दिसतात. फ्रिजवर चिकटवलेली औषधांची चिठ्ठी किंवा भाजीवाल्याची पाटी तुम्हाला कोणी छापून देणार नाही. दोन्ही वळणं पहिल्या आठवड्यापासून बरोबरीने गिरवा.

'मी' म्हणताना दुसऱ्याचं लिंग

ही चूक मराठी माणसाकडून झाली की मला विशेष वाईट वाटतं. इंग्रजीवाल्यांना हे पहिल्यापासून शिकावं लागतं, पण आपण जन्मल्यापासून 'मी जातो', 'मी जाते' म्हणत आलो. हिब्रूतही तसंच आहे: पुरुष 'अनी होलेख' म्हणतो, बाई 'अनी होलेखेत'. तरीही आजोबांची देखभाल करणारी बाई वर्षभर 'अनी रोत्से' (मला हवंय) म्हणत राहते, कारण घरात बोलणारे फक्त आजोबाच असतात. तिने 'अनी रोत्सा' म्हणायला हवं. त्यात 'रोत्से' आणि 'रोत्सा' लिहिताना सारखेच दिसतात, त्यामुळे वाचूनही चूक सुटत नाही. भाषांतराचं ॲपही बहुतेक वेळा पुरुषाचंच रूप देतं. उपाय म्हणजे आपल्या लिंगाच्या माणसाचं बोलणं ऐका. बायकांनी शेजारणीशी, दुकानातल्या मुलीशी बोलावं. क्रियापद वहीत एकटं लिहू नका, 'अनी' लावून आपल्या रूपातच लिहा.

आदरार्थी बहुवचन

आजींना 'तुम्ही' म्हणायचं म्हणून लोक 'अतेम' म्हणतात. आजी मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघतात. एका माणसाशी बोलताना बाईला 'अत', पुरुषाला 'अता', मग समोर डॉक्टर असो की पंचाऐंशी वर्षांच्या आजी. आपल्या जिभेला हे जड जातं, मला समजतं. आदर आवाजातून आणि 'बेवाकाशा'तून, म्हणजे 'कृपया'तून दाखवा.

सोमवारपासून मोजणं

इथे वारांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, आणि पहिला दिवस रविवार. 'योम रिशोन' रविवार, 'योम शेनी' सोमवार, 'योम श्लिशी' मंगळवार. फक्त शनिवारला नाव आहे, शब्बात. ऑफिस म्हणजे सोमवार ते शुक्रवार, अशी सवय घेऊन आलेला माणूस 'श्लिशी' ऐकून बोटं मोजतो आणि बुधवारी दवाखान्यात जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने असंच केलं. आजींना तपासणीसाठी नटवून-सजवून, व्हीलचेअरवरून, दोन बस बदलून नेलं. खिडकीतल्या बाईने तारीख काल होती असं सांगितलं. पुढची तारीख मिळायला कित्येक आठवडे गेले आणि घरच्यांनी तिलाच बोल लावले. तिला आकडा येत होता, पण आठवडा कुठून सुरू होतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठीवर वार बहुतेकदा नुसत्या अक्षरातही असतो: आलेफ म्हणजे रविवार, बेत म्हणजे सोमवार. शिवाय शब्बात शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून 'लेल शब्बात' म्हणजे शुक्रवारची रात्र, आणि शनिवारी रात्री भेटायचं असेल तर 'मोत्साए शब्बात'. मी वारासोबत तारीख विचारल्याशिवाय कोणतीही भेट लिहून घेत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही लिहू देत नाही.

प्रार्थनेवर विसंबणं

बेने इस्राएल घरांत हे हमखास दिसतं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थना मराठीत आणल्या. आपल्या आजोबांना सिद्दूर, म्हणजे हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक, तोंडपाठ असे, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण सिद्दूरमध्ये अक्षरांखाली स्वरांचे ठिपके, म्हणजे निकूद असतात. वर्तमानपत्रात, पाटीवर, विजेच्या बिलावर ते नसतात. त्या बिलावरचा 'खश्माल' हा शब्दही बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातला आहे, पण तिथे तो दृष्टांतातलं तेज आहे आणि इथे वीज. ठिपके असलेलं मुलांचं पुस्तक घ्या, एक पान वाचा, मग तेच पान ठिपक्यांशिवाय लिहून वाचा. कंटाळवाणं आहे, पण मला याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

शब्दकोशात शब्द न सापडणं

आपण प्रत्यय शब्दाच्या शेवटी जोडतो: घरात, घराला. हिब्रूत 'आणि', 'मध्ये', 'ला', 'पासून' हे शब्दाच्या सुरुवातीला चिकटतात. आधी ते सोलून काढा, मग शोधा.

संख्या

तीन मुली 'शलोश', तीन मुलगे 'श्लोशा'. शेवटी 'आ' असलेलं रूप पुल्लिंगी. बस, फोन, नुसती मोजणी यांना आखूड रूप लागतं, तेच आधी शिका. 'दहा शेकेल' (शेकेल हे इथलं चलन) म्हणताना इथली माणसंही सर्रास चुकतात, तिथे फार घाबरू नका.

फार शुद्ध किंवा फार रस्त्यावरचं

१९५३ पासून हिब्रू भाषेची अकादमी नवे शब्द घडवते. काही रुळतात, काही आपल्या 'भ्रमणध्वनी'सारखे कागदावर राहतात. इंटरनेटला इथे लोक इंटरनेटच म्हणतात. उलट टोकाला, आल्या आल्या बँकेच्या खिडकीवर 'सबाबा' आणि 'अखला' (दोन्हींचा अर्थ साधारण 'झकास') फेकणारी मुलं आहेत. ते शब्द मित्रांत ठेवा.

तीस दिवसांत हिब्रू

तीस दिवसांत हिब्रू येईल, या आशेवर राहू नका. कायमच्या स्थलांतरितांसाठी सरकारी उल्पान, म्हणजे हिब्रूचा वर्ग असतो. त्याचा पहिला टप्पाच साधारण पाच महिने, आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच तास चालतो. पहिला उल्पान १९४९ मध्ये जेरुसलेमला निघाला, तेव्हापासून हेच चाललंय. देखभालीला किंवा बांधकामावर आलेल्यांना तेवढा वेळ मिळत नाही, हे मी रोज बघते. म्हणूनच जो अर्धा तास मिळतो तो ॲपवरच्या खेळात घालवू नका. त्या वेळात फ्रिजवरची चिठ्ठी स्वतःच्या हाताने उतरवा आणि घरातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.