पिल्लू म्हणजे वासरू नव्हे! कुत्र्याचं पिल्लू वाढवताना या चुका टाळा

मराठवाड्यात जनावर सांभाळणं कुणाला शिकवावं लागत नाही. वासराला चीक किती पाजायचा, बैलाचा खांदा सुजला तर काय लावायचं, हे घरातल्या म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र हीच जाण आड येते. गोठ्यातलं शहाणपण आपण जसंच्या तसं पिल्लाला लावतो. वाटीभर दूध पाजतो, खुंट्याला बांधतो, गोचीड दिसले की गुरांचंच औषध चोळतो आणि मलूल झालं की म्हणतो, "बघू दोन दिवस." गाय दोन दिवस काढते. दीड किलोचं पिल्लू काढत नाही.

शेतातल्या आखाड्यावर राखणीला आणलेलं असो की लातूर-संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये लेकरांच्या हट्टापायी आलेलं असो, पिल्लाचे पहिले चार महिने सारखेच नाजूक असतात. पिल्लं दगावतात ती बहुतेक याच काळात, आणि स्वभाव बिघडतो तोही याच काळात.

डोळे उघडले की उचलून आणणं

"लहानपणी आणलं की लळा लवकर लागतो" असं म्हणत महिनाभराचं पिल्लू आणणारे खूप आहेत. दोन महिन्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना एखाद्याला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. किती जोरात चावायचं ते पिल्लू यातूनच शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे जास्त चावरी आणि भित्री निघण्याची शक्यता असते. श्वान-प्रजनन आणि विक्रीसंबंधी २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसारही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. विकणारा "दीड महिन्याचं आहे, आता दूध सोडलंय" म्हणाला तर तिथेच थांबा.

यात्रा-बाजाराच्या गर्दीत पिल्लू आवडलं तरी तिथल्या तिथे सौदा करू नका. घर बघा, पिल्लांची आई बघा. आई अंगावर धावून येणारी किंवा कोपऱ्यात दडणारी असेल तर पिल्लांतही तो स्वभाव उतरू शकतो.

जातीबद्दल एवढंच सांगतो, आपल्या उन्हात हस्की आणू नका. लातूरकडच्या कारवानी जातीसारखं, या मातीत वाढलेलं कुत्रं किंवा गल्लीतलं गावठी पिल्लू आपल्याकडे सुखाने जगतं. कारवानी आणलंत तर त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून घाबरून खाऊ घालत बसू नका. त्याची अंगकाठीच तशी सडपातळ असते.

एक इंजेक्शन दिलं, झालं

यासाठी हा लेख लिहायला घेतला. कारण लस अर्धवट राहिल्याने जाणारी पिल्लं मी दरवर्षी बघतो, आणि तो जीव वाचवता आला असता हे कळत असताना बघणं फार अवघड असतं.

पार्व्हो नावाचा विषाणू आतड्यांवर हल्ला करतो. आधी खाणं बंद, मग उलट्या, मग रक्ताची, अतिशय घाण वास येणारी हगवण. लहान पिल्लू यात दोन-तीन दिवसांत संपू शकतं. दुसरा धोका डिस्टेंपरचा. त्यात डोळ्या-नाकातून घाण, ताप, खोकला आणि पुढे झटके येतात. या दोन्हींवर लस आहे आणि ती चांगली काम करते. पण एका डोसवर का भागत नाही, हे नीट समजून घ्या.

पिल्लाला आईच्या चिकातून काही प्रतिकारशक्ती मिळालेली असते. ती हळूहळू ओसरते, पण कोणत्या पिल्लाची कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. ती अंगात शिल्लक असेल तर दिलेली लसही निष्प्रभ होते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. मध्येच थांबलात तर आईचं कवच गेलेलं आणि लसीचं अजून तयार न झालेलं, अशा अवस्थेत पिल्लू सापडतं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, वेगळी. शेवटच्या डोसनंतर वर्षाने पुन्हा.

लस मेडिकलमधून आणून घरी टोचण्याची पद्धत काही गावांत आहे. ती सोडा. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. मे महिन्यात मोटारसायकलवर खिशातून आणलेली, किंवा लाईट गेलेल्या फ्रीजमध्ये पडून राहिलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचल्यासारखं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. परभणी आणि उदगीर इथे तर पशुवैद्यकीय महाविद्यालयंच आहेत, आणि तिथल्या दवाखान्यांत कुत्र्यांवरही उपचार होतात.

पोटातले जंत हा दुसरा दुर्लक्षित भाग. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि अंग मात्र वाळलेलं, असं पिल्लू "चांगलं गुबगुबीत" नसतं. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा, सहा महिन्यांचं होईपर्यंत, वजनाच्या मापाने द्यायचं असतं. हे जंत लेकरांनाही होऊ शकतात, म्हणून खेळल्यावर हात धुवायची सवय घरात हवीच.

घरात आधी एखादं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने, कधी वर्षभरही तग धरतो आणि फिनाईलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण करून फरशी आधी साबणाने धुवा, मग त्याने पुसा. मातीच्या अंगणाला हे पुरत नाही. तिथे लस पूर्ण झालेलंच कुत्रं आणावं.

आणि "बघू दोन दिवस" नको. पिल्लाने दोन वेळचं खाणं टाळलं आणि उलटी झाली, की त्याच दिवशी दवाखाना. उलट्या सुरू असताना तोंडात बळजबरीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिरेतून सलाईन वेळेवर मिळालं तर बरीच पिल्लं उठून उभी राहतात.

दूध-भाकरी आणि कॅल्शियमची बाटली

गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि जुलाब लागतात. त्यात नुसती ज्वारीची भाकरी म्हणजे पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. भाकरी विष नाही, ती सोबतीला चालेल. पण ताटात उकडलेलं अंडं, बिनमिठाचं-बिनतिखटाचं उकडलेलं चिकन, थोडं दही, भात असं काही हवं. परवडत असेल तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा, नंतर दोनदा.

रविवारच्या रश्श्यातली हाडं टाकू नका. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे कुत्र्यांना खरोखर विषारी आहेत. हुरड्याच्या दिवसांत शेतावर प्रत्येक जण प्रेमाने एक-एक घास टाकतो. पिल्लाचं पोट त्या दिवशी बिघडणार हे ठरलेलं. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येलाही तेच. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

कॅल्शियमचं टॉनिक मनाने सुरू करू नका. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीच्या कॅल्शियमने हाडं वेडीवाकडी होण्याचा धोका असतो. कान उभे राहावेत म्हणून दिली जाणारी बाटली पायच बिघडवते.

गुरांचं औषध, माणसाच्या गोळ्या, जळकं ऑइल

गोचीड हा आपल्याकडचा कायमचा शत्रू. त्यांच्यातून येणाऱ्या तापात पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, खाणं सुटतं, कधी नाकातून रक्त येतं. पण म्हणून गोठ्यातल्या फवारणीचा उरलेला डबा पिल्लावर ओतायचा नाही. ते औषध दोन-तीन क्विंटलच्या जनावराच्या हिशेबाने असतं. पिल्लू अंग चाटतं, औषध पोटात जातं, थरथर सुटते. पिल्लाचं वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीचंच औषध घ्या. गोचीड भिंतींच्या भेगांत, बाजेच्या सुंभात अंडी घालतात, त्यामुळे बसायची जागा साफ केल्याशिवाय ते संपत नाहीत.

खरजेवर जळकं ऑइल किंवा रॉकेल लावणं तर पूर्ण बंद करा. कातडी जळते आणि चाटलं की विषबाधा होते. तापावर पॅरासिटामॉल, दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही घरातली औषधंही नकोत. पोटात रक्तस्राव, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणं इथवर मजल जाते.

आखाड्यावर उंदराचं औषध, युरिया कालवलेली बादली, कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या उघड्यावर असतात. पिल्लू सगळं तोंडात घेऊन बघतं. त्याला आणण्याआधी ही आवराआवर करा.

ऊन

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही जास्त. कुत्रं आपल्यासारखं अंगभर घामेजत नाही, धापा टाकूनच गार होतं. फिरवणं सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. डांबरी रस्त्यावर आपला तळवा पाच सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर पिल्लालाही बसतो. पाणी मातीच्या पसरट कुंड्यात, सावलीत, आणि एकाऐवजी दोन ठिकाणी ठेवा.

पिल्लू जोरजोरात धापा टाकतंय, लाळ घट्ट झाली, झोकांड्या खातंय, असं दिसलं की सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका.

घरात शू, हाताला दात

घरात शू केली म्हणून नाक घासणं, चप्पल मारणं, याने पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली करतं. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर दाबून ठेवूच शकत नाही. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळून झालं, की दर वेळी त्याला एकाच ठरलेल्या जागी न्या आणि तिथे केलं की लगेच शाबासकी द्या. रात्रीही एकदा उठावं लागेल. लेकरू रांगतं असताना उठलात, तसंच उठा. घरात झालेली जागा नुसत्या फिनाईलने पुसली तर पिल्लाला वास येतच राहतो. आधी साबण-पाणी, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसा.

चावणं हे दात येण्याचं लक्षण आहे. साधारण चौथ्या महिन्यापासून २८ दुधाचे दात पडून सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. हिरड्या शिवशिवतात, मग चपला, चार्जरच्या वायरी, सोफ्याचे कोपरे. ओलं फडकं पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि ते चघळायला द्या. बोटं तोंडात देऊन खेळवू नका. चावलं की हात झटकू नका, खेळ थांबवून तिथून उठून जा. घरातल्या सगळ्यांनी तसंच केलं पाहिजे, एकाने हसून दाद दिली की सगळं मुसळ केरात.

दात किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरचं पिल्लू आहे म्हणून ढिलाई नको, त्याचीही रेबीजची लस झालेली नसते. सरकारी दवाखान्यांत माणसांसाठीची रेबीजची लस मोफत मिळते. हळद-चुना लावून बसू नका.

दिवसभर साखळी

"चावरा झाला पाहिजे" म्हणून पिल्लाला अंधारात कोंडणं, मिरची खाऊ घालणं, दिवसभर साखळीला ठेवणं, हे अजून चालतं. याने राखणदार तयार होत नाही, घाबरलेलं कुत्रं तयार होतं, आणि घाबरलेलं कुत्रं घरच्याच लेकराला चावतं. आखूड साखळीला तासन् तास बांधणं आणि बांधलेल्या कुत्र्याला मोकळं न फिरवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये बसतं.

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं ते आयुष्यभर 'आपलं' मानतं. लस पूर्ण होईपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यांत आणि घाणीत सोडू नका, पण कडेवर घेऊन जरूर फिरवा. ट्रॅक्टरचा आवाज लांबून ऐकवा, शेळ्या-कोंबड्या दाखवा, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला पाहुणा, सगळे भेटू द्या. भ्यालं तर पुढे ढकलू नका, थोडं मागे सरका आणि खाऊ द्या. पोळ्याच्या हलगीला आणि दिवाळीच्या फटाक्यांना असं पिल्लू कमी घाबरतं.

आणि याच दिवसांत सुख आहे. आपल्याच शेपटीमागे गरगरणारं, पहिल्यांदा भुंकल्यावर स्वतःच दचकणारं, गोठ्यातल्या वासराच्या नाकाला नाक लावून उभं राहिलेलं पिल्लू बघत घरातलं अबोल माणूसही बोलकं होतं. संध्याकाळी फाटकाचा आवाज ओळखून धावत येणारं पिल्लू साखळीला असतं तर कसं आलं असतं?

त्याला बोलावल्यावर यायला शिकवा. एक छोटं नाव ठेवा, मोती, राजा, चंप्या काहीही, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. नाव घेतलं की खाऊ, नाव घेतलं की कुरवाळणं. रागवायला किंवा इंजेक्शनसाठी धरायला कधीही नावाने बोलावू नका, तेव्हा उठून त्याच्याजवळ जा. आणि शेजारच्या पऱ्हाटीत उधळून अर्ध्या तासाने परत आलं, तरी आल्यावर मारू नका. त्याला वाटेल, येण्याबद्दलच मार मिळाला.