ब्रिटनमध्ये कामाचे तास कमी केल्यावर रिडंडन्सीची रक्कम कशी ठरते

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नोकरकपातीत नोकरी गेलेल्या आणि किमान दोन वर्षे सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला कायद्याने जी रिडंडन्सीची रक्कम मिळते, ती वय, सेवेची पूर्ण वर्षे आणि आठवड्याचा पगार या तीन गोष्टींवर ठरते. बावीस वर्षांखालील वयात केलेल्या प्रत्येक वर्षासाठी अर्ध्या आठवड्याचा, बावीस ते चाळीस या वयातील वर्षासाठी एका आठवड्याचा आणि एक्केचाळीस वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या वर्षासाठी दीड आठवड्याचा पगार धरला जातो. मात्र सेवेची शेवटची वीस वर्षेच मोजली जातात. तास कमी झाल्याने वय आणि सेवाकाल यांना धक्का लागत नाही, पण आठवड्याचा पगार बदलतो आणि तो बदललेला पगार मागच्या सगळ्या वर्षांना लावला जातो.

समजा, एका कर्मचाऱ्याचे वय ४५ आणि सेवा १० वर्षांची आहे. त्याला १२ आठवड्यांचा पगार मिळायला हवा. पूर्णवेळ कामाचे त्याला आठवड्याला ६०० पौंड मिळत असतील, तर रक्कम ७,२०० पौंड होते. पण नोकरी जाण्याच्या काही महिने आधी त्याने आठवड्यातून तीनच दिवस काम करण्याचा करार मान्य केला असेल आणि पगार ३६० पौंडांवर आला असेल, तर त्याच्या हाती ४,३२० पौंडच येतात. आधीची नऊ वर्षे पूर्णवेळ काम केल्याचा हिशेबात काहीही उपयोग होत नाही. मला हा नियम अन्यायकारक वाटतो, विशेषतः मूल झाल्यावर तास कमी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. परंतु १९९९ मध्ये बॅरी विरुद्ध मिडलंड बँक या खटल्यात, बँकेच्या स्वतःच्या भरपाई योजनेसंबंधी, हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) शेवटच्या पगारावरचा असाच हिशेब ग्राह्य धरला होता.

म्हणून सर्वांत आधी तपासायचे ते हे की, तुमचा करार खरोखर बदलला आहे का. कामाचे तास ठरलेले असतील, तर हिशेबाच्या तारखेला लागू असलेल्या करारानुसार जो पगार देय असेल तोच धरला जातो. प्रत्यक्षात हातात किती आले, हे पाहिले जात नाही. ही तारीख काढण्यासाठी नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून कायद्याने आवश्यक असलेल्या किमान नोटिशीचा काळ मागे मोजावा लागतो. दोन वर्षे सेवेनंतर ही नोटीस दर वर्षामागे एक आठवडा, जास्तीत जास्त बारा आठवडे असते. कामाचे तास ठरलेले नसतील, तर बारा आठवड्यांची सरासरी घेतात.

तात्पुरती कपात स्वीकारताना ती कधी संपणार आणि त्या काळात नोकरी गेल्यास रिडंडन्सी मूळ पगारावरच मोजली जाईल, या दोन्ही गोष्टी लेखी घ्या. कपात तुमच्या संमतीशिवाय लादली गेली असेल, तर काम सुरू ठेवतानाच आपली हरकत ताबडतोब लेखी कळवा. महिनोन्‌महिने गप्प राहून काम केल्यास तुम्ही बदल स्वीकारला, असा अर्थ काढला जाऊ शकतो.

ज्यांचा पगार जास्त आहे त्यांनी कायदेशीर मर्यादाही लक्षात घ्यावी. आठवड्याच्या पगाराची ही मर्यादा ६ एप्रिल २०२५ पासून ७१९ पौंड झाली आणि ती दर एप्रिलमध्ये नव्याने ठरते. १,२०० पौंडांवरून ९६० पौंडांवर आलेल्या माणसाची कायदेशीर रक्कम त्यामुळे कमी होत नाही, पण कंपनीची स्वतःची वाढीव योजना असल्यास तिच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात.

काम इतके घटले की सलग चार आठवडे, किंवा तेरा आठवड्यांत एकूण सहा आठवडे, अर्ध्याहून कमी पगार मिळाला, तर नोकरी सोडून रिडंडन्सी मागण्याची तरतूद आहे. त्यासाठी शेवटच्या अशा आठवड्यानंतर चार आठवड्यांच्या आत लेखी सूचना द्यावी लागते, आणि मालकाला सात दिवसांत तिला लेखी विरोध करता येतो. त्यामुळे राजीनामा देण्याआधी ॲकास या सरकारी संस्थेच्या मोफत हेल्पलाइनचा सल्ला अवश्य घ्या. मालकाने रक्कम चुकीची काढली असेल, तर आधी त्याच्याकडे हिशेब लेखी मागा आणि तरीही दाद मिळाली नाही, तर नोकरी संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल म्हणजे नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे दावा करा. त्याआधी ॲकासला कळवून समेटाची प्रक्रिया सुरू करणे बंधनकारक आहे.