एडिंबरा फ्रिंजला संध्याकाळी रस्त्यावरचे खेळ कसे बघायचे

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबराला जाणार असाल तर एक संध्याकाळ रॉयल माईलला, म्हणजे जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्याला ठेवाच, फ्रिंज हा १९४७ पासून चालू असलेला नाटक-कलांचा महोत्सव आहे आणि रस्त्यावरच्या खेळांना तिकीट लागत नाही. वेव्हर्ली स्टेशनला उतरा, चढ चढून हाय स्ट्रीटवर (रॉयल माईलचाच भाग) या, अंधार उशिरा पडतो त्यामुळे घाई नको. पण जॅकेट घ्या हं, पाऊस कधीही येतो.

कलाकार जमिनीवर दोरी टाकून गोल आखायला लागला की लगेच पुढे जाऊन खाली बसा, कारण सुरुवातीला चार टाळकी असतात आणि तो मुद्दाम टाळ्या-आरडाओरडा करायला लावतो, त्या आवाजानेच गर्दी जमते, मग मागच्यांना काही दिसत नाही. मोठा स्टंट, म्हणजे उंच सायकलवर चढून पेटते पलिते झेलणं वगैरे, अगदी शेवटी असतो आणि त्याच्या जस्ट आधी तो पैसे टाकायच्या टोपीबद्दल बोलतो. तेव्हा प्लीज सटकू नका! त्याची कमाई म्हणजे ती टोपीच. आवडलं तर पाच-दहा पाउंड टाका, सुट्टे नसतील तर बऱ्याच जणांकडे कार्ड मशीन असतं.