गोंदिया–बल्लारशाह पॅसेंजरनं जायचं तर

धानाची रोवणी (लावणी) आटोपली की निघा, म्हणजे श्रावण-भाद्रपदात. उन्हाळ्यात बांध्या (धानाची खाचरं) भेगाळलेल्या असतात, डबाही तापतो. गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा आदल्या रात्री वेळ पाहून सकाळची गाडी धरा. जनरलचं तिकीट पुरतं.

पण ते कुठपर्यंतचं काढायचं, इथं नीट लक्ष द्या. अनेकजण बिनधास्त सांगतात, "चांदा फोर्टला उतर, चंद्रपूरच ते." हा सल्ला मी एकदा ऐकला. पुढची गाडी चंद्रपूरहून होती आणि हातात अर्धा तास. चांदा फोर्टला उतरलो, ऑटो शोधला, गावातून वाट काढत चंद्रपूर स्टेशन गाठलं, तोवर गाडी गेलेली. सोबत आई होती. रात्र तिनं बाकावर काढली. शहर एकच, पण स्टेशनं दोन आणि मार्गही वेगळे. गोंदियाची लाइन बंगाल नागपूर रेल्वेची, पूर्वी नॅरोगेज. चंद्रपूर स्टेशन वर्ध्याकडून येणाऱ्या दिल्ली–चेन्नई मार्गावर. तिकिटावरचे कोडही वेगळे: चांदा फोर्ट सीएएफ, चंद्रपूर सीडी. पुढं वर्धा, नागपूर किंवा काजीपेठकडं जायचं असेल तर सरळ बल्लारशाहचंच तिकीट काढा. दोन्ही लाइनी तिथं मिळतात, स्टेशन बदलावं लागत नाही. चंद्रपूर शहरातच काम असेल तरच चांदा फोर्टला उतरा.

गाडी दक्षिणेकडं जाते, म्हणून सकाळी उजवीकडची खिडकी घ्या. डावीकडं ऊन येतं. अर्जुनी मोरगावच्या आसपास धानाच्या बांध्या आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी. वडसा सुटलं की वैनगंगेचा पूल. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा, नदी डोळ्यांनी बघा. पुढं एखाद्या स्टेशनावर बाया टोपल्या घेऊन चढतात. पळसाच्या पानावर सात्यांचे (रानातल्या अळंब्यांचे) वाटे लावलेले, मुळाशी अजून ओली माती. शेजारी सोललेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मिळाले तर घ्या, संध्याकाळपर्यंत शिजवा.

सिंदेवाहीपासून जंगल रुळाला येऊन भिडतं. इथून पुढं उरलेलं अन्न खिडकीबाहेर अजिबात टाकू नका. अन्नाच्या वासानं जनावरं रुळावर येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच लाइनवर, जुनोन्याच्या जंगलात, वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. केळीची सालंसुद्धा पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बल्लारशाहला उतरल्यावर कचरापेटीत टाका.