रँचवरची रहस्यकथा लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेच्या पश्चिम भागातील एखादी रँच, म्हणजे गुरे पाळण्याची विस्तीर्ण जागा, तिथे महिन्याच्या पगारावर राबणारा काऊबॉय, एक न उकललेला खून, एक मनस्वी नायिका आणि शेवटी जिवावर बेतणारा प्रसंग, अशी सामग्री घेऊन लिहिलेल्या कथांचे खर्डे माझ्याकडे नेहमी वाचायला येतात. बहुतेकांची भाषा चांगली असते, कल्पनाही वाईट नसते, तरीही आठदहा पानांनंतर कथा ढिली पडते. नायक रँचवर कामाला आहे असे पहिल्या परिच्छेदात सांगितलेले असते, पण पुढच्या सबंध कथेत तो कामाला हातही लावत नाही. या प्रकारच्या कथेतील रहस्य, प्रेम आणि धोका ही तिन्ही गुरे, पाणी, कुंपण, घोडा आणि पगार यांच्यातूनच उगवावी लागतात. ती बाहेरून आणून चिकटवली की सांधे दिसू लागतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका दुखण्यातून निघालेल्या आहेत.

साल न ठरवता लिहायला बसणे

"पश्चिमेतील जुना काळ" असा एकच सलग काळ कधी नव्हता. 1867 मध्ये कॅन्ससमधील ॲबिलीन येथे टेक्सासची गुरे रेल्वेत चढवण्याची सोय झाली आणि हजारो जनावरांचे कळप दोन-तीन महिने चालवत उत्तरेला नेण्याचा व्यवसाय भरभराटीला आला. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट मिळवले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोकळी कुरणे तारांनी विभागली जाऊ लागली. 1886-87 च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर असंख्य गुरे गोठून आणि उपासमारीने मेली, आणि त्यानंतर मालकांनी वैरण साठवण्याचा व कुंपण घालण्याचा धडा घेतला. त्यामुळे 1870 चा काऊबॉय आठवडेच्या आठवडे घोड्यावर काढतो, तर 1890 चा काऊबॉय खांबांसाठी खड्डे खणतो, तार ताणतो आणि गवताच्या गंजी रचतो.

यावर साधा उपाय असा की, लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. कुंपण आले आहे का? जवळचे रेल्वे स्थानक किती मैलांवर आहे? तारयंत्र कुठपर्यंत पोहोचले आहे? रहस्यकथेत तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा असतो, कारण बातमी किती वेगाने पोहोचते यावरच संशयिताला किती अवधी मिळतो हे ठरते. एप्रिल 1892 मध्ये वायोमिंगमधील जॉन्सन काउंटीवर बड्या गुरेमालकांनी भाडोत्री बंदूकधाऱ्यांसह चढाई केली, तेव्हा तारयंत्राच्या तारा तोडल्या गेल्या होत्या, त्या याचसाठी.

न थकणारा घोडा

नायक रात्रभर चौखूर घोडा फेकत शंभर मैल कापतो आणि पहाटे ताजातवाना शेरीफसमोर, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखासमोर, उभा राहतो, असे वाक्य माझ्या स्वतःच्या पहिल्या कथेतही होते. घोडा भरधाव दौडतो तो थोडा वेळच. एरवी चाल आणि दुडकी यांची आलटापालट करीत स्वार पुढे जातो, आणि बऱ्या वाटेवर दिवसाला तीस-चाळीस मैल ही एका घोड्यासाठी चांगली मजल असते. 1860-61 मधील पोनी एक्स्प्रेसच्या टपालस्वारांनाही दर दहा-पंधरा मैलांवर घोडा बदलावा लागत असे. म्हणून आधी रँचचा कच्चा नकाशा काढावा, पाणी कुठे आहे ते त्यात दाखवावे आणि प्रत्येक प्रवासाचे तास मोजावेत. "खुनाच्या वेळी मी तिथे नव्हतोच" या दाव्याची खरीखोटी तपासणी याच हिशेबातून होते.

याहून महत्त्वाची, आणि मराठी लेखकाला चटकन उमजावी अशी, एक गोष्ट आहे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा घोडा सरकारी असे. रँचवरचा गडी या अर्थाने बारगीर होता. कामाचे घोडे मालकाचे असत आणि प्रत्येकाला पाळीपाळीने वापरण्यासाठी त्यांतले काही नेमून दिलेले असत. खोगीर मात्र सहसा ज्याचे त्याचे. महिन्याला साधारण 30 ते 40 डॉलर मिळवणाऱ्या माणसाची सर्वांत मोलाची मालमत्ता ते खोगीरच असे. हे ध्यानात घेतले की कामावरून काढलेल्या माणसाचे चित्र आपोआप उभे राहते: खांद्यावर खोगीर टाकून, उंच टाचांचे बूट घालून, तो धुळीच्या रस्त्याने स्थानकाकडे पायी निघालेला असतो. आणि रागाच्या भरात त्याने मालकाच्या घोड्यावर मांड टाकली, तर तो त्याच क्षणी घोडेचोर ठरतो. सबंध कथेला पुरेल एवढा धोका या एका कृतीत आहे.

डाग वाचता न येणे

सर्वाधिक वाया जाते ती याच बाबतीतली संधी. गुरेचोरीची कथा असते, पण पुरावा म्हणून सापडते ती एखादी चिठ्ठी किंवा शर्टाचे तुटलेले बटण. वास्तविक या जगात प्रत्येक जनावराच्या अंगावर मालकाची नोंदवलेली खूण डागलेली असते. ती डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतात. आडवे पडलेले अक्षर "आळशी" म्हणून, तर पंख फुटलेले अक्षर "उडते" म्हणून वाचले जाते. याशिवाय कान कापण्याची खूण वेगळी. तापवलेली साधी लोखंडी सळई हातात असली की चोर एका खुणेला दोन रेघा जोडून तिची दुसरीच खूण करू शकतो. वरून पाहिले तर केसांत ते लपते, पण जनावर मारून कातडे सोलले आणि आतली बाजू उजेडात धरली, की जुना व्रण आणि नवा डाग वेगवेगळे उमटलेले दिसतात. कुंपणावर वाळत घातलेले ते कातडे उलटे करण्याचा प्रसंग नीट लिहिला, तर वाचक श्वास रोखून वाचतो.

त्याहूनही बोलका पुरावा गाय स्वतः देते. वासरू आपल्या आईमागे जाते आणि आईच्या अंगावर जी खूण, तीच वासराला दिली जाते. चोराला वासरावर आपला डाग द्यायचा असेल, तर आधी त्याला आईपासून तोडावे लागते. अशा वेळी कास तटतटलेली, पान्हा दाटलेली एक गाय रात्रभर कोणाच्या तरी कुंपणाबाहेर हंबरत उभी राहते. तिच्या मांडीवर एका रँचचा डाग, कुंपणाआडच्या तिच्या वासरावर दुसऱ्याचा, आणि ती जागची हलत नाही. तुमच्या नायकाला गुरांची भाषा कळत असेल, तर गुन्हेगार कोण हे त्याला तिथेच उमगायला हवे. गावखेड्यात वाढलेल्या मराठी वाचकाला हे हंबरणे समजावून सांगावे लागत नाही.

हेतूही याच मातीत सापडतो. वायोमिंगमध्ये 1884 च्या कायद्याने डाग नसलेली मोकाट वासरे गुरेमालकांच्या संघटनेच्या ताब्यात जाऊ लागली, आणि स्वतःची चार गुरे बाळगणाऱ्या गड्यांना बडे मालक काळ्या यादीत टाकत. ज्याने आयुष्य गुरांमागे घालवले त्यालाच एक गाय पाळण्याची मुभा नाही, हे दुःख खऱ्या पात्राचे दुःख आहे. "त्याला पैशाचा लोभ होता" असे लिहून ते भागत नाही.

धोका म्हणजे फक्त पिस्तूल असे मानणे

रँचवरच्या माणसाचा जीव बहुधा कामात जात असे. घोडा पडला आणि पाय रिकिबीत अडकला, तर माणूस फरफटत जाई; बुटाची टाच उंच असे ती पाय रिकिबीतून पुढे निसटू नये म्हणूनच. पूर आलेल्या नदीतून कळप उतरवणे, उघड्या माळावर कोसळणारी वीज, आणि रात्री अचानक उधळलेली हजारो गुरे ही खरी संकटे होती. रात्रपाळीचे दोघे स्वार कळपाभोवती विरुद्ध दिशांनी फेऱ्या घालत हलक्या आवाजात गाणी म्हणत, कारण ओळखीचा आवाज कानावर असला की जनावरे बिथरत नसत. त्या दोघांपैकी एकाचे गाणे मध्येच थांबले, एवढे लिहिले तरी भीती पुरेशी उभी राहते.

बंदुकीविषयी थोडक्यात सांगतो. त्या काळातील बंदुकीच्या काळ्या दारूचा धूर दाट असे, त्यामुळे बंद खोलीत चार बार झाल्यावर समोरचे धड दिसत नाही. कोल्ट कंपनीच्या 1873 च्या सहाबारी पिस्तुलात सावध माणूस पाचच काडतुसे भरत असे आणि पिस्तुलाच्या घोड्याखालचे, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीखालचे, घर रिकामे ठेवत असे, म्हणजे धक्का लागून बार होऊ नये. डॉज सिटी किंवा ॲबिलीनसारख्या गावांत शस्त्र जमा करण्याचे नियम होते. तेव्हा नायक गावात कमरेला पिस्तूल लावून हिंडत असेल, तर त्याचे कारण कथेत आले पाहिजे.

सगळी माणसे एकाच रंगाची, आणि शब्द कुठले तरी

टेक्सासमधून निघणाऱ्या कळपांबरोबर गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे स्वार मोठ्या संख्येने होते. मुळात हा सारा धंदाच वाकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरे राखणाऱ्या स्पॅनिशभाषक मंडळींकडून शिकलेला. रँच, लासो, रोडिओ हे शब्दही त्यांचेच. त्यांना वगळून लिहिलेली कथा अपुरी तर असतेच, पण अन्यायकारकही असते.

शब्दांच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. काऊबॉयला "गुराखी" म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे काठी घेतलेला पोर उभा राहतो, आणि रँचला "मळा" म्हटले की मोट आणि पाट दिसू लागतात. हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. उलट घोड्याच्या साजाला इंग्रजी शब्द वापरणे ही आपल्या भाषेची हेळसांड आहे. खोगीर, तंग, रिकीब, लगाम, चंदी, खरारा, मांड, टाप, दौड, रपेट हे सगळे आपल्याकडे घोडदळाच्या काळापासून तयार आहे. कालवड, गोऱ्हा, खच्ची केलेला बैल हे भेदही मराठीत स्वच्छ आहेत, आणि ज्या माणसाचे पोट गुरांवर चालते तो नुसते "जनावर" म्हणत नाही.

प्रेम केवळ चांदण्यात घडवणे

मालकाची सुंदर मुलगी आणि अबोल गडी ही जोडी लिहून लिहून झिजली आहे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीला किंवा विधवेलाही 160 एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता येत होता. पाच वर्षे तिथे राहून जमीन कसली की ती तिच्या नावे होई. अशा स्त्रीने ओढ्याकाठची जमीन घेतली, तर भोवतालच्या मोठ्या रँचच्या गुरांचे पाणी तिच्या हाती जाते. नायक त्याच रँचच्या पगारावर असेल, तर तिला मदत करणे म्हणजे नोकरी गमावणे होय. वायोमिंगमधील एला वॉटसन या स्त्रीने अशीच जमीन आणि स्वतःचा डाग मिळवला होता; जुलै 1889 मध्ये गुरेमालकांनी तिला आणि जिम ॲव्हरेल याला फासावर लटकवले, त्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही, आणि नंतर वर्तमानपत्रांनी तिलाच गुरेचोर ठरवले. अशा ठिकाणी प्रेम, रहस्य आणि धोका ही तीन वेगळी प्रकरणे राहतच नाहीत.

संवाद लिहिताना मात्र मराठीची एक ताकद लेखक हमखास विसरतात. इंग्रजीत दोघांनाही एकच सर्वनाम पुरते. आपल्याकडे "तुम्ही" आणि "तू" आहे. पहिल्याच भेटीत नायक-नायिका एकमेकांना "तू" म्हणू लागली की ते अंतर फुकट जाते. महिनाभर तो तिला "बाई" आणि "तुम्ही" म्हणत राहू दे; कुंपणाचे खांब रोवताना, पाण्याची बादली पुढे करतानाही तेच चालू दे. मग एके संध्याकाळी तो ओढ्यापलीकडून रक्ताळलेल्या हाताने तिच्या दाराशी येतो आणि ती कंदील उंच करून विचारते, "कोणी मारलं तुला?" त्या वाक्यातला "तुला" तिच्या तोंडून निघून गेला आहे हे त्या दोघांनाही कळते, आणि पुढे काही क्षण दोघेही बोलत नाहीत.