कंट्रोलचे वेल कोरे दिसत नसतील तर: इंटिग्रिनवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

सोलापुरात एम.एस्सी. करणाऱ्या दोघींनी या महिन्यात मला विचारलं, "ताई, इंटिग्रिनवर प्रोजेक्ट झेपेल का?" झेपेल. पण माझे तीन महिने कुठे वाया गेले ते आधी ऐका.

इंटिग्रिन म्हणजे बाहेरच्या प्रथिनांना धरणारा पेशीवरचा रिसेप्टर, एक अल्फा आणि एक बीटा साखळी मिळून झालेला. 18 अल्फा, 8 बीटा, माणसात 24 जोड्या, हे तुम्हाला येतच असेल. आरजीडीचा, म्हणजे काही इंटिग्रिनं ज्याला धरतात त्या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याचा, शोध 1984 चा, 'इंटिग्रिन' हे नाव 1986 चं. व्हायव्हापुरतं पाठ करा आणि पुढे चला.

खरी अडचण पेशी किती चिकटतात हे मोजण्याच्या चाचणीत, म्हणजे अ‍ॅडहेजन अ‍ॅसेत येते. फायब्रोनेक्टिन (इंटिग्रिन ज्याला धरतं ते प्रथिन) लावलेल्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, पेशी चिकटायला हव्यात; नुसत्या बीएसएच्या (पेशी ज्याला चिकटत नाहीत ते प्रथिन) वेलमध्ये, म्हणजे कंट्रोलमध्ये, नकोत. चिकटलेल्या पेशी रंगवणारं क्रिस्टल व्हायोलेट घातलं की माझी अख्खी प्लेट जांभळी व्हायची. मी पेशींची नवी व्हायल उघडली, फायब्रोनेक्टिन पुन्हा मागवलं, काही फरक नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याच्या लॅबला जायचं आणि रात्री रडवेलं होऊन परत यायचं, असं चाललं होतं.

चूक पहिल्याच पायरीला होती. पेशी प्लास्टिकवरून सोडवणारं एन्झाइम, ट्रिप्सिन, थांबवायला मी सवयीने सीरमवालं मीडियम घालत होते. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन असतं, व्हिट्रोनेक्टिनही असतं. पेशी नीट धुतल्या नाहीत तर ही प्रथिनं त्यांच्याबरोबर प्लेटमध्ये जातात आणि बीएसएचा ब्लॉक (रिकामं प्लास्टिक झाकणारा थर) कच्चा राहिला असेल तिथे प्लास्टिकवर बसतात. पेशी त्यांनाच धरून बसतात. माझा ब्लॉक कच्चाच होता, कारण सीनियर म्हणाले होते, "वीस मिनिटं पुरे, आम्ही सगळे असंच करतो." असा शॉर्टकट कुणी सांगितला की त्यांच्या कंट्रोलचा फोटो मागा. तो दाखवणारा गाईड मिळाला तर त्याला सोडू नका.

ट्रिप्सिन सोयाबीन इनहिबिटरने थांबवा, पेशी सीरम नसलेल्या मीडियममध्ये दोनदा धुवा, बीएसएला पूर्ण तास द्या. ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवलंत तर पेशीवरचे रिसेप्टरच कापले जातात. पेशी सोडवताना ट्रिप्सिनसोबत घातलेलं ईडीटीए उरलं तर ते मॅग्नेशियम बांधून ठेवतं, आणि मॅग्नेशियमशिवाय इंटिग्रिनची पकड बसत नाही.

मी विषय सोडणार होते. त्याच आठवड्यात एलएडी-1 या जन्मजात आजाराबद्दल वाचलं. इंटिग्रिनची बीटा-2 साखळी नसली की पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असूनही जखमेपर्यंत पोचत नाहीत, पू होत नाही, आणि महिना उलटला तरी बाळाची नाळ पडत नाही. अक्कलकोट रोडच्या आमच्या घरी, मागांच्या खडखडाटात, भाचीची नाळ पडली का हे आजी रोज लंगोट बदलताना बघायची. तिचं ते बघणं केवढं मोलाचं होतं, ते मला तेव्हा कळलं.

ग्लान्झमान हा रक्तस्रावाचा आजारही जरूर वाचा. प्लेटलेटची संख्या नॉर्मल, तरी रक्त थांबत नाही, कारण प्लेटलेटवरचं अल्फा-2बी बीटा-3 हे इंटिग्रिन बिघडलेलं असतं. नुसती मोजणी बघून निष्कर्ष काढू नका.

घाबरू नका, पहिली प्लेट सगळ्यांचीच बिघडते. दुसरी लावाल तेव्हा रंग घालण्याआधी, अगदी धुण्याच्याही आधी, बीएसएचे वेल मायक्रोस्कोपखाली बघा. पेशी गोल, चमकदार आणि प्लेट हलवली की सरकणाऱ्या दिसल्या तरच पुढे जा.