जुन्या रोड रोलरची मागची चाकं जाम: माझा अनुभव

संग्रहालयात न्यायचा डिझेल रोड रोलर. गिअर न्यूट्रल, तरी विंचने ओढला की मागची चाकं न फिरता नुसती घसटत यायची. गिअरबॉक्स जाम समजून आम्ही दोन दिवस तिथेच तेल ओतलं, पहारी लावल्या. हात तेवढे सोलले.

खरा दोष ब्रेकचा. बँड, म्हणजे ब्रेकच्या फिरत्या ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा, गंजून त्या ड्रमला चिकटला होता.

आधी चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे (ब्रेक सुटल्यावर एवढं धूड हातांनी थांबत नाही). मग बँडचा ॲडजस्टिंग नट पूर्ण सैल केला, कडेने गंज सोडवणारं तेल सोडलं, रात्रभर थांबलो. सकाळी बँडवर गोलाकार, हलके ठोके. मागचे ठोकळे वीतभर सरकवून पहिली ओढ उलट दिशेने दिली. कट्ट झालं, चाक फिरलं. रॅम्पवर लोखंड घसरतं, म्हणून फळ्या टाकल्या. ट्रेलरवर चढताच पुन्हा ठोकळे, मगच साखळ्या.